आउटबोर्ड मोटर जमिनीवर चालवताना: आधी पंपाला पाणी, मग इंजिनाला किल्ली

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायची मोटर, पहिल्यांदाच घेतलेल्या माणसाच्या हातून एक चूक हमखास होते. मोटर घरी येते, स्टँडवर चढते आणि “नुसता आवाज तर ऐकू, दहा सेकंद” म्हणत दोरी ओढली जाते. इंजिन झकास सुरू होतं. दहा सेकंदांचं अर्धं मिनिट होतं. बघायला जमलेल्यांसाठी एकदा थ्रॉटलही पिळला जातो. बंद केल्यावर सगळं ठीकठाक दिसतं. बिघाड कळतो तो पुढच्या खेपेला, किनारा लांब राहिल्यावर, तापमानाचा भोंगा कोकलायला लागतो तेव्हा. हा उद्योग मीही करून बसलोय, त्यामुळे इथे कुणाला हसायचा हक्क मला नाही.

पाण्याशिवाय चालवलं तर इंजिन तापून जाम होईल, ही भीती बरोबरच आहे. पण पहिला बळी इंजिनाचा जात नाही. त्याच्या बऱ्याच आधी, खाली कुणाला न दिसणाऱ्या जागी बसलेलं एक रबरी चाक जळतं. त्या चाकाचं काम समजून घेतलं, तर मफ (नळीचं पाणी मोटरीला देणाऱ्या रबरी वाट्या) लावायचा की पिंप वापरायचं, नळ कधी उघडायचा, कधी बंद करायचा, हे सगळं पाठ न करताही आपोआप लक्षात राहतं. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

गाडीच्या इंजिनाला रेडिएटर असतो, तेच ते पाणी आत फिरत राहतं. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात होडी तरंगते तेच पाणी मोटर खालून ओढते, इंजिनातून फिरवते आणि बाहेर सोडून देते. होडी पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) वर एक आडवी सपाट पट्टी दिसते, तिला बरेचजण कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. तिच्या खाली, गिअरकेसच्या, म्हणजे पंखा ज्याला बसतो त्या गिअरच्या घराच्या, दोन्ही बाजूंना जाळीसारख्या फटी असतात. पाणी आत येण्याची दारं ती.

फटींच्या वर, गिअरकेसच्या माथ्यावर पंप बसवलेला असतो. पंप म्हणजे एक वाटीसारखं घर आणि त्यात फिरणारा रबरी पाकळ्यांचा इम्पेलर. इंजिनाकडून खाली येणारा उभा ड्राइव्ह शाफ्ट या इम्पेलरच्या मधोमध जातो. त्यामुळे इंजिन फिरलं की इम्पेलर फिरलाच. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी फिरतो. “मी तर न्यूट्रलमध्येच चालवली होती” हा बचाव इथे चालत नाही, तो याचसाठी.

इम्पेलर वाटीच्या बरोबर मध्यभागी नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. एका अंगाला पाकळ्या दबून वाकतात, दुसऱ्या अंगाला उलगडतात. उलगडताना पाणी आत ओढलं जातं, वाकताना वर ढकललं जातं. वेग वाढला की पाण्याच्या दाबामुळे पाकळ्या भिंतीपासून थोड्या सुटतात आणि पंप नुसता पाणी भिरकावल्यासारखा चालतो. कमी वेगाला मात्र रबर सतत वाटीवर घासत असतं. या घासण्याला वंगण कोणतं? तेल नाही, ग्रीस नाही, पाणीच. पाणी नसेल तर कोरडं रबर काही सेकंदांत तापतं, कडा चकाकतात, कडक होतात, जास्त वेळ गेला तर पाकळ्या तुटून वरच्या नळीत जाऊन अडकतात. पंपाचं घर प्लास्टिकचं असेल तर तेही वितळू शकतं.

पंपातून निघालेलं पाणी नळीतून वर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये जातं, सिलिंडरभोवती फिरतं, आणि खाली उतरताना धुराच्या वाटेला थंड करत बाहेर पडतं. मधे थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असताना तो मिटलेला असतो, गरम झाल्यावर उघडतो. वर जाणाऱ्या पाण्यातला थोडा हिस्सा एका बारीक भोकातून मागच्या किंवा बाजूच्या अंगाने पिचकारीसारखा बाहेर येतो. त्याला टेलटेल म्हणतात. मी पुढे नुसतं ‘धार’ म्हणेन.

आता तापमानाच्या भोंग्याविषयी. त्याचा सेन्सर वर, इंजिनाच्या धातूवर बसवलेला असतो. धातू पुरेसा तापला की तो बोलतो. पण कोरडा इम्पेलर त्याआधीच कामातून गेलेला असतो. थोडक्यात, भोंगा इंजिनाचा रखवालदार आहे, पंपाला रखवालदार नाही. जमिनीवर ते काम तुमचं.

म्हणजे करायचं काय, तर पंपाला वाटलं पाहिजे की आपण पाण्यातच आहोत. एखादा उपाय चालेल का असा प्रश्न पडला की एवढंच विचारा: याने पंपाच्या तोंडाशी पाणी पोचतं का?

वाट पहिली: मफ

सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार हा. इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक स्प्रिंगची तार, तिच्या दोन टोकांना दोन रबरी वाट्या. कानाला हेडफोन लावावा तसा तो गिअरकेसला लावायचा. एका वाटीला बागेच्या नळीचं कनेक्शन असतं. काही प्रकारांत पाणी दोन्ही वाट्यांत जातं. दोन्ही बाजूंच्या फटींतून एकाच पंपाकडे वाट जात असल्यामुळे एका बाजूने पाणी दिलं तरी बहुतेक मोटरींना चालतं, मात्र दुसरी वाटी समोरच्या फटी नीट झाकून बसली पाहिजे. नाहीतर आलेलं पाणी पलीकडून गळून जातं, किंवा पंप तिथून हवा ओढतो.

मफ गिअरकेसच्या पुढच्या बाजूने सरकवतात, म्हणजे तार पंख्याच्या वाटेत येत नाही. वाट्या ओल्या करून लावा, रबर चांगलं चिकटतं. वाटीचा गोल फटींपेक्षा मोठा आहे ना, कडा पूर्ण टेकल्या आहेत ना, ते खाली वाकून बघा. उभ्याने बघितलं तर सगळंच बरोबर दिसतं. जुन्या मफची तार सैल पडते आणि इंजिनाच्या थरथरीने वाट्या हळूहळू खाली घसरतात. तसं होत असेल तर तार हाताने आत वाकवून घ्या किंवा दोन्ही वाट्यांभोवती एक जाड रबरी पट्टा ताणून लावा. पण खरं सांगायचं तर सैल मफ बदलून टाकलेलाच बरा.

मफ सगळ्यांना चालत नाही. काही मोटरींना पाण्याच्या फटी बाजूंशिवाय आणखीही कुठेतरी असतात, उदाहरणार्थ गिअरकेसच्या नाकाशी. त्या उघड्या राहिल्या तर पंप तिथून हवा पितो. अशा जादा फटी चिकटपट्टीने तात्पुरत्या बंद करायच्या आणि काम झाल्यावर पट्टी आठवणीने काढायची. बऱ्याच लहान मोटरींत तर फटी बाजूंना नसतातच, कॅव्हिटेशन प्लेटच्या खालच्या अंगाला असतात. तिथे मफ बसणार कशावर? काही लहान मोटरींच्या गिअरकेसवर पेचाचं एक छोटं झाकण असतं. ते काढून तिथे नळीचा अडॅप्टर फिरवून बसवतात आणि फटींवर पट्टी लावतात. तुमची मोटर यातली कोणती, ते मोटरीसोबत आलेल्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं. आणि हो, अगदी छोट्या मोटरींपैकी काही हवेने थंड होणाऱ्या असतात. अशा मोटरीला फटी शोधत बसाल तर दिवस जाईल.

वाट दुसरी: पिंप

मफ बसत नसेल, किंवा मोटर थोडी जास्त वेळ चालवायची असेल, तर मोटरीचा पाय सरळ पाण्याच्या पिंपात बुडवायचा. पंपाच्या दृष्टीने हा उपाय सगळ्यात प्रामाणिक. पाणी खरोखरच चहूकडून असतं, काही घसरण्याची भीती नाही.

पण बादली म्हणजे पिंप नव्हे. पाण्याची पातळी कॅव्हिटेशन प्लेटच्या निदान १० सेंटीमीटर वर हवी. पंप तिथेच वर असतो हे आठवा. नवशिके फटी बुडाल्या की समाधान मानतात. मग इंजिन सुरू झाल्यावर पाणी घुसळून काठावरून सांडतं, पातळी उतरते आणि फटी उघड्या पडतात. पिंप जितकं मोठं तितकं चांगलं. २०० लिटरचं पिंप वरून कापून घेतलेलं असेल तर लहान आणि मध्यम मोटरींना छान पुरतं. कापलेली कड घासून बोथट करा, हात तिथेच जातो.

पिंपात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, पाणी तापतं. इंजिनातून निघालेलं गरम पाणी त्याच पिंपात परत येतं. हात घालून पाहा, चांगलं कोमट लागायला लागलं की थांबा, किंवा बागेची नळी पिंपात सोडून गार पाणी चालू ठेवा आणि जादाचं काठावरून वाहू द्या. दुसरी, धूर. बहुतेक मोटरींचा धूर पंख्याच्या मधून पाण्याखालीच सुटतो. पिंपात त्याचे बुडबुडे होतात, पाणी फेसाळतं, आणि पंप पाण्याऐवजी फेस ओढायला लागतो. धार तुटक यायला लागली की कारण बहुधा हेच असतं. वेग कमी ठेवा, बुडबुडे आपोआप कमी होतात.

समुद्रावरून आल्यावर मोटर धुण्यासाठी पिंप वापरत असाल तर आणखी एक. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मोटरीतलं मीठ धुऊन पिंपातच उतरतं आणि पुन्हा आत ओढलं जातं. दोन-तीन मिनिटं चालवून ते पाणी ओता, नवं भरा, पुन्हा चालवा. पहिल्याच पाण्यात पंधरा मिनिटं चालवून “धुतली” म्हणण्यात अर्थ नाही. त्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो, तेव्हा ते विहिरीच्या, ओढ्याच्या किंवा झाडांच्या जवळ ओतू नका.

मोटरीच्या पायाभोवती बांधायच्या जाड कापडी पिशव्याही मिळतात. पिशवी म्हणजे लवचिक पिंपच समजा. पातळीचा नियम तोच, पण पाणी कमी मावतं म्हणून नळी सतत चालू ठेवावी लागते.

वाट तिसरी, जिथे सगळे फसतात

बऱ्याच मोटरींना वर, झाकणाच्या खालच्या कडेशी, बागेची नळी जोडायचं एक तोंड दिलेलं असतं. त्याला फ्लश पोर्ट म्हणतात. नळी लावली, नळ उघडला की पाणी थेट इंजिनाच्या पाण्याच्या वाटांमध्ये शिरतं आणि आतलं मीठ धुऊन निघतं. सोय चांगली आहे. पण बहुतांश मोटरींत ती इंजिन बंद ठेवून वापरायची असते.

का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पाणी वरून येतंय. ब्लॉक गार राहील, धारही दिमाखात सुटेल, आणि खाली पंप कोरडाच फिरत असेल. धार बघून माणूस निश्चिंत होतो आणि तेवढ्यात इम्पेलर जळतो. धार खोटं बोलते अशी ही जागा. काही कंपन्यांच्या काही मोटरी फ्लश पोर्टवर सुरू करायला परवानगी देतात. पण ती परवानगी त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत लिहिलेली असेल तरच खरी. शेजारच्याची मोटर तशी चालते म्हणून आपली चालेल असं नाही.

फ्लश पोर्टने धुताना इंजिन बंद, पाणी १० ते १५ मिनिटं. मोटर रोज वापरत असाल तर हे रोजचं काम म्हणून उत्तम, आवाज नाही, धूर नाही. तरीही अधूनमधून मी मफ लावून इंजिन चालवतोच. मोटर गरम झाल्यावर थर्मोस्टॅट उघडतो आणि त्याच्या पलीकडच्या वाटाही धुतल्या जातात हे एक, आणि पंप स्वतः पाणी वर चढवतोय की नाही हे त्याशिवाय कळत नाही हे दुसरं.

सुरू करण्याआधी

जागा उघडी हवी. दार उघडं ठेवलेलं गॅरेज म्हणजे उघडी जागा नव्हे. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस पडेपर्यंत कळतही नाही.

मोटर स्टँडवर असेल तर स्टँड हलतं का ते धक्का देऊन बघा आणि क्लॅम्पचे स्क्रू पिळून घ्या. होडीवर असेल आणि होडी ट्रेलरवर असेल तर चाकांना दोन्हीकडून अडणी लावा. मोटर उभी, सरळ खाली केलेली असावी. अर्धवट वर उचललेल्या अवस्थेत चालवली तर पाणी आत नीट फिरत नाही.

आता पंखा. काढा. मफ लावून चालवताना पंखा ठेवणारे लोक पुष्कळ आहेत, “गिअर लागणारच नाही” म्हणतात. गिअरची तार थोडी बिघडलेली असली, तर न्यूट्रलवर ठेवलेला दांडा आणि आतला गिअर यांचं पटतंच असं नाही. आणि सरकलेला मफ बसवायला हात घालतात तो नेमका पंख्याच्या शेजारी. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका. काढताना किल्ली काढलेली आणि किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी सुटलेली असू द्या, शक्य असेल तर स्पार्क प्लगच्या टोप्याही काढा. गिअर लागलेला असताना पंखा हाताने फिरवला की इंजिनही फिरतं, आणि क्वचित पेटही घेतं. स्प्लिट पिन, नट, वायसर, पंखा आणि त्यामागचा जाड वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवा, तोंड कुठल्या बाजूला होतं त्यासकट. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तर परत बसवताना डोकं खाजवावं लागत नाही.

फोर-स्ट्रोक असेल तर तेलाची पट्टी काढून पातळी बघा. टाकीचं झाकण, पेट्रोलची नळी, तिच्यावरचा रबरी बल्ब दाबून घट्ट होईपर्यंत, हे नेहमीचंच.

नळाचा प्रवाह मात्र आधी मोजा. १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर झाले. हा आकडा एकदा लिहून ठेवला की पुढे धार क्षीण झाली तर दोष नळाचा की पंपाचा हे पटकन ठरवता येतं. नळी लांबलचक, बारीक किंवा पीळ पडलेली असेल तर टोकाशी फारसं काही पोचत नाही. नळी मोटरीला जोडण्याआधी थोडं पाणी वाहू द्या. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी कढत असतं आणि नळीत घर केलेले किडेही त्याच्याबरोबर बाहेर पडतात.

सुरू करताना

क्रम असा: पाणी, मग इंजिन. उलट कधीच नाही, “एक सेकंद” म्हणूनही नाही.

नळ उघडा. मफच्या कडांतून थोडं पाणी गळायला लागेल. गळू द्या. ते गळणं चांगलं लक्षण आहे, कारण त्याचा अर्थ पंपाला लागतं त्याहून जास्त पाणी दारात उभं आहे. गळती पूर्ण थांबवायला नवशिके वाट्या दोरीने करकचून बांधतात. तसं करू नका. नळ पूर्ण सोडून जोराचा दाब देण्याचीही गरज नाही. पंप स्वतः ओढून घेतो, तुम्ही फक्त वाढून ठेवायचं.

गिअर न्यूट्रल आहे ना ते पुन्हा बघा. किल स्विचची दोरी मनगटाला किंवा पट्ट्याला अडकवा. होडी पाण्यात नाही, मग ती कशाला, असं वाटतं. पण मफ निसटला तर सगळ्यात लवकर इंजिन बंद करणारी वस्तू तीच, एक हिसका की झालं. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवा, झाकण उघडं असेल तर जास्तच, कारण वर फ्लायव्हील फिरत असतं.

सुरू करा आणि थ्रॉटल ताबडतोब सर्वांत खाली आणा. आता डोळे धारेवर. बहुतेक वेळा काही सेकंदांतच ती येते. अर्धं मिनिट झालं तरी पत्ता नसेल तर बंद करा. आणखी थोडं थांबून बघू, जरा रेस देऊन बघू, हे दोन्ही विचार त्या क्षणी मनात येतात आणि दोन्ही चुकीचे असतात. जुन्या काही मोटरींना धारेचं भोकच नसतं. त्यांच्यात मागच्या बाजूला धुराच्या वरच्या भोकातून पाण्याचे तुषार येतात, तेच बघायचे.

चालू असताना

मोटरीजवळून हलू नका. चहा आणायला आत गेलं की मफ नेमका तेव्हाच घसरतो.

वेग आयडलला, म्हणजे थ्रॉटल सर्वांत खाली असतानाचा, फार तर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आत. याला दोन कारणं आहेत. पाण्यात पंख्यावर भार असतो, इथे काहीच नाही, त्यामुळे थ्रॉटल थोडा उघडला तरी इंजिन सुसाट फिरतं. आणि वेग वाढला की पंप नळापेक्षा जास्त पाणी मागतो. त्याची खूण नळीवर दिसते: ती मोटरीजवळ चपटी व्हायला लागते आणि वाट्यांच्या कडांतलं गळणं थांबतं. ही खूण दिसली की थ्रॉटल खाली. वेगात चालवून बघायचं असेल तर मोटर पाण्यात न्यावी लागते, दुसरा उपाय नाही. आयडलचा स्क्रू फिरवून जमिनीवर सेटिंग करणंही फसवं असतं. पाण्यात धुराच्या वाटेवर मागून पाण्याचा दाब असतो, तो इथे नसतो, म्हणून इथे सुरेख चालणारी मोटर पाण्यात उतरल्यावर बंद पडू शकते.

धारेला मधूनमधून बोट लावून बघा. आधी गार, मग बऱ्याच मोटरींत हळूहळू कोमट होते. काहींत ती थर्मोस्टॅटच्या आधीच फुटलेली असते आणि गारच राहते. आपल्या मोटरीची सवय एकदा कळली की बदल लगेच जाणवतो. धार गरम वाफाळ झाली, तुटक झाली किंवा तापलेल्या रंगाचा वास आला तर बंद. धार जोरात आहे म्हणजे आत सगळीकडे पाणी फिरतंय असंही नाही. ती एवढंच सांगते की पंपाने पाणी वर पोचवलं. थर्मोस्टॅट मिटलेल्या अवस्थेत अडकला असेल तर धार छान आणि इंजिन तापलेलं, हेही होऊ शकतं. म्हणून भोंग्याकडे कान हवेच.

मीठ धुवायला ५ ते १० मिनिटं पुरतात, पण ती मिनिटं मोटर गरम झाल्यावरची मोजायची. गार मोटरीत थर्मोस्टॅट मिटलेला असतो, त्याच्या मागचं मीठ जागचं हलत नाही.

धार आलीच नाही तर

घाबरून पंप उघडायला घेऊ नका. आधी सोपं बघा. भोकात चिखल, मिठाचा खडा किंवा एखाद्या किड्याचं मातीचं घर असणं ही सर्वांत साधी आणि नेहमीची भानगड. इंजिन बंद करून मासेमारीची जाड नायलॉन दोरी भोकात सारून हलवा. कडक तार खुपसली तर आतली रबरी नळी फाटते. भोक मोकळं केल्यावर पुन्हा सुरू करा.

तरी नाही? मफ फटींवर नीट आहे का, जादा फट उघडी राहिली का, नळाचा तो लिहून ठेवलेला आकडा अजून तेवढाच आहे का. शंका असेल तर मोटर पिंपात उतरवून बघा. पिंपात धार आली आणि मफवर आली नाही, तर दोष मफचा. दोन्हीकडे नाही, तर संशय पंपावर.

मोटर कित्येक वर्षं पडून असेल तर मी धारेची वाटसुद्धा बघत नाही, चालवण्याआधीच इम्पेलर बदलतो. पडून राहिलेल्या रबराच्या पाकळ्या वाकलेल्या अवस्थेतच कायमच्या राहतात. एरवी किती तासांनी बदलायचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं, वाळूच्या पाण्यात चालवत असाल तर त्याच्याही आधी. बदलताना जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर ती वरच्या नळीत कुठेतरी आहे, आणि ती काढल्याशिवाय नवा इम्पेलर घालून उपयोग नाही. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा, पेट्रोलियम ग्रीस नको, ते रबर फुगवतं. घर खाली दाबताना ड्राइव्ह शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकून बसतात. शाफ्टच्या खाचेतली अर्धचंद्राकृती चावी घसरून खाली पडू देऊ नका. ती नसली तर शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर जागच्या जागी राहतो, आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

बंद करताना

इथे क्रम उलटा. आधी इंजिन, मग नळ. हाताला नळ जवळ असतो म्हणून तो आधी बंद केला जातो, आणि वाचवलेला इम्पेलर शेवटच्या पाच सेकंदांत जळतो.

मफ काढून मोटर तशीच उभी राहू द्या. आतलं पाणी आपल्या वजनाने खाली उतरतं, ठिबकणं थांबेपर्यंत हात लावू नका. पाणी उतरायच्या आधी मोटर आडवी केली आणि त्यात इंजिनाचं डोकं पायापेक्षा खाली गेलं, तर धुराच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे तर पूर्ण निथळणं जास्तच महत्त्वाचं, बर्फ फुगतो आणि धातूला तडा देतो. फटींना लावलेली चिकटपट्टी आत्ताच काढा.

पंखा परत बसवताना शाफ्टवरचं जुनं ग्रीस पुसून नवं जलरोधक ग्रीस लावा, नाहीतर वर्षभराने तो हातोडीशिवाय निघणार नाही. कापडावर मांडलेल्या क्रमाच्या उलट, म्हणजे जाड वायसर, पंखा, वायसर, नट. स्प्लिट पिन नवी घ्या. जुनी सरळ करून घातली की दुसऱ्यांदा वाकवताना तिचा एक पाय तुटतो, आणि नट त्या एकाच पायावर राहतो.